पाणीवाल्या उंदरांची पंगत

मी एकदा उपाशी उंदरांना घावन खाऊ घातलं. गणपतीच्या पायाशी बसलेल्या उंदराला घातलं असतं तर पुण्य तरी पदरात पडलं असतं. मी घातलं ते महाडच्या एका फार्मसी कॉलेजातल्या पांढऱ्या, लाल डोळ्यांच्या उंदरांना. त्यांना शिकल्यासवरलेल्या माणसांनी मुद्दाम उपाशी ठेवलं होतं. आणि खाऊ घालून वर पदराला हात पुसत अशी बसले, जणू गावजेवण आटोपून आले.

तेव्हा मी पासष्टीची. म्हणजे तशी पोरगेलीच. आता सत्तरी ओलांडल्यावर त्या बाईची आठवण काढली की मला हसू आवरत नाही. केस पांढरे झाले म्हणजे आपल्याला सगळं कळतं, अशी तिची पक्की समजूत. त्यात ती वाडीची झोपेची डॉक्टरीण. मग काय विचारता!

हे झोपेचं प्रकरण आधी सांगते, नाहीतर उंदरांचं कळायचं नाही.

पोलादपूरहून उमरठकडे जाताना डोंगराच्या अंगाला आमची वाडी आहे. तिथे बांधाबांधावर लाजाळू माजलेली असते. बोट लावलं की पानं मिटून घेणारी, अंगाला बारीक काटे आणि वर गुलाबी गोंडे. माझ्या सासूबाई तिचा काढा करून झोप न येणाऱ्या माणसाला द्यायच्या. त्यांचं शास्त्र सरळ होतं. जे झाड स्वतः इतक्या चटकन झोपतं, ते दुसऱ्याला झोपवणारच. मी नवी सून होते तेव्हा मला काही हे पटेना. मी चौथी पास, म्हणजे त्या घरातली सगळ्यात शिकलेली. मला पुरावा हवा होता.

पुरावा गोठ्यात उभा होता. आमची एक म्हैस महालाथाळ. धार काढायला बसावं तर बादली एकीकडे आणि माणूस दुसरीकडे. एका सकाळी मी लाजाळूचा पाला नि मुळं कुटली आणि तिच्या आंबोणाच्या घमेल्यात कालवली. पेज, कोंडा, भिजवलेली पेंड, वर गुळाचा खडा आणि त्यात माझी लाजाळू. म्हशीनं घमेलं चाटूनपुसून साफ केलं आणि अर्धे डोळे मिटून रवंथ करत उभी राहिली. मी निवांत धार काढली. शेपटीचा फटकारासुद्धा नाही.

झालं. मी वाडीभर सांगत सुटले, "म्हशीवर करून बघितलंय मी!" पुढची सगळी वर्षं हेच चाललं. कुणाला झोप लागत नाही असं कानावर आलं की मी काढ्याचं भांडं चुलीवर ठेवणार आणि काढा उकळेस्तोवर म्हशीची गोष्ट सांगणार. माणसं झोपायची, खोटं कशाला बोलू. काढ्यानं झोपायची की गोष्टीनं, हे मला कुणी विचारलं नाही आणि मीही विचारून घेतलं नाही.

माझी नात त्या वेळी महाडला फार्मसीच्या शेवटच्या वर्षाला होती. माझा मुलगा आणि सून मुंबईला नोकरीला, ही कॉलेजजवळ मैत्रिणीसोबत खोली करून राहायची आणि रविवारी वाडीवर माझ्याकडे यायची. शेवटच्या वर्षाला प्रत्येकीला एक प्रयोग करून त्याचा अहवाल द्यायचा होता. बाकीच्या पोरींनी तुळस, अश्वगंधा असे ठरलेले विषय उचलले. ही बाई प्रयोगावर देखरेख करणाऱ्या मॅडमना म्हणाली, "मी आमच्या आजीची लाजाळू घेते. तिनं खरंच गुंगी येते का, ते उंदरांवर बघते."

मॅडम आधी तयार नव्हत्या. मग म्हणाल्या, कर, पण परवानगी मिळालीय तेवढेच उंदीर, पुन्हा मिळायचे नाहीत. निकाल धड आला नाही तर विषय सोडावा लागेल आणि मग तुझं वर्ष जाईल.

त्या रविवारी पोर माझ्याजवळ पाटावर येऊन बसली. "आजी, खरं सांग. नक्की झोप येते ना लाजाळूनं? माझं वर्ष आहे यावर."

"अगो, म्हशीवर करून बघितलंय मी!"

तिच्या चेहऱ्यावर जो विसावा आला ना, तो अजून माझ्या डोळ्यांपुढे आहे. शिकलेली मुलगी, पण आजीच्या म्हशीवर वर्ष लावून मोकळी झाली.

औषधाचं झाड आमच्याकडे असंच उपटून आणत नाहीत. आदल्या दिवशी संध्याकाळी जाऊन त्याच्या बुंध्याशी हळद-तांदूळ ठेवायचे आणि सांगायचं, उद्या न्यायला येते, यावं. दुसऱ्या दिवशी आपली सावली त्याच्यावर पडू न देता खणायचं. नात माझ्या मागून आली. तिनं हळद-तांदूळ ठेवले, आमंत्रण दिलं आणि वर त्या लाजाळूचा मोबाइलवर फोटोही काढला. मी म्हटलं, "लग्नाचा फोटो काढून झाला असंल तर चल आता."

मग तिनं एक फांदी वर्तमानपत्रात दाबून वाळवली आणि वनस्पतीशास्त्राच्या सरांना दाखवायला नेली, ही लाजाळूच आहे असं त्यांच्याकडून लिहून घ्यायला. मला ते फार लागलं. "लिहून कशाला घ्यायचं? बोट लावून बघा म्हणावं, मिटली की लाजाळू!"

"आजी, ती वाळलेली आहे."

अशी माझी हुशारी. बाकीचा पाला आणि मुळं सावलीत वाळवली, दळली, उकळली, आटवली आणि शेवटी काकवीसारखा काळा चिकट गोळा तयार झाला. कॉलेजात त्याला अर्क म्हणत होते. एवढ्या पाटीभर झाडाचा एवढुसा गोळा बघून मला तर माहेरवाशिणीला कमी जेवायला वाढल्यासारखं वाटलं.

प्रयोगाच्या दिवशी मी महाडला गेले ती खरं तर गुडघ्यांसाठी. महाडजवळच्या सव गावी गरम पाण्याचे झरे आहेत, तिथे पाय सोडून बसलं की मला दोन-चार दिवस बरं वाटतं. नात म्हणाली होती, "सकाळी माझा प्रयोग आहे, तो झाला की मी तुला सवला नेते." तिकडे खायला म्हणून मी पहाटे उठून डबा भरून घावनं केली. तांदळाची पातळ, जाळीदार, सोबत गूळ-खोबऱ्याचं सारण. डबा पिशवीत, पिशवी मांडीवर, आणि मी एसटीत.

उंदरांची खोली कॉलेजच्या मागच्या अंगाला. तिथली देखभाल करणारे एक गृहस्थ होते, त्यांना सगळं कॉलेज मामा म्हणायचं. अंगात निळा कोट, बोलणं आमच्यासारखं. नातीनं मला दारातल्या स्टुलावर बसवलं.

"मामा, ही माझी आजी. जरा बसू दे इथं."

"बसूदे की. पन आजी, आत हात लावायचा नाय हां कशाला."

"छे हो, मी कशाला लावतेय!"

जाळीच्या झाकणाचे डबे ओळीनं मांडलेले, खाली भाताचा तूस पसरलेला. मी विचारलं म्हणून नातीनं घाईघाईनं समजावलं. उंदरांचे तीन गट केलेत. एका गटाला लाजाळूचा अर्क थोडा, दुसऱ्याला जास्त, आणि त्या शेवटच्या डब्यांतल्या तिसऱ्याला नुसतं पाणी.

"नुसतं पाणी?"

"तुलनेसाठी, आजी. औषध न दिलेले कसे वागतात ते कळायला नको?"

"म्हंजे पंगतीत दोघांना श्रीखंड वाढायचं आणि तिसऱ्याच्या पानात पाण्याचा तांब्या?"

"आजी!"

"मी आपलं विचारलं."

ती अर्क मोजायला पलीकडच्या खोलीत गेली. थोड्या वेळानं तुसाच्या गोणी घेऊन टेंपो आला, म्हणून मामाही बाहेर गेले. मी आणि उंदीर, एवढेच उरलो.

मी काय करणार? बघत बसले. जाळीवर दाणे ठेवायला खोलगट जागा असते, ती रिकामी. सगळ्या डब्यांची रिकामी. उंदीर त्या जाळीला तोंड लावून वर बघतायत. माझ्याकडेच बघतायत, असं त्या पासष्टीच्या पोरीला वाटलं. प्रयोगाआधी पोट रिकामं लागतं, म्हणून सकाळीच दाणे काढून ठेवले होते. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं आणि तिनंही विचारलं नव्हतं. तिला वाटलं, पोरांच्या घाईगडबडीत बिचाऱ्यांना न्याहारी द्यायची राहून गेली.

आणि माझ्या मांडीवर घावनांचा डबा.

कशाला हात लावायचा नाही असं मला बजावलं होतं. मी लावलाच नाही. घावनाचे बारीक तुकडे केले आणि जाळीतून वरून सोडले. काय खाल्लं त्यांनी! पुढच्या दोन पायांत धरून, गोल फिरवत, मिशा हलवत. आमच्या वाडीत जावई असा खात नाही. आणि तिसऱ्या गटाशी आले तेव्हा मला नातीचं बोलणं आठवलं. यांना औषधही नाही. पंगतीत डावंउजवं करणाऱ्याचं तोंड बघू नये, असं सासूबाईंनी मला आयुष्यभर शिकवलेलं. म्हणून त्या पाणीवाल्यांना मी हात सोडून वाढलं. घावन तर वाढलंच, वर थोडं सारणही.

मामा परत आले तेव्हा मी स्टुलावर, पिशवी मांडीवर, चेहरा देवळातल्यासारखा.

पुढे सगळं ठरल्याप्रमाणे झालं. नातीनं आणि तिच्या मैत्रिणीनं उंदरांना बारीक नळीनं अर्क आणि पाणी पाजलं. काही वेळ थांबून एकेकाला एका चौकोनी पेटीत सोडायला लागल्या. त्या पेटीत न दिसणाऱ्या प्रकाशाच्या रेघा असतात. उंदीर हिंडला, रेघ तुटली की बाहेर आकडा पुढे सरकतो. जो कमी हिंडेल त्याला गुंगी. मी दाराच्या काचेतून बघत होते. एक उंदीर पेटीत गेला, कोपरा धरला आणि अंगाचा गोळा करून डोळे मिटले. दुसरा तसाच. तिसरा तर बसल्या जागी तोंड धुवायला लागला आणि धुताधुताच पेंगला.

मी मामांना कोपरानं ढोसलं. "बघितलंत? आमची लाजाळू!"

"भारी हाय की ओ."

"म्हशीवर करून बघितलंय मी!"

मामांना मी म्हशीची गोष्ट पहिल्यापासून सांगितली. ती संपते न संपते तोच नात बाहेर आली. तोंड पांढरं फटक.

"काय गो? झोपले ना?"

"झोपले, आजी. पाणीवाले झोपले." तिनं हातातली वही मिटली. "अर्कवाले त्यांच्यापेक्षा जास्त फिरले."

आतून मॅडमचा आवाज आला. रागावलेल्या नव्हत्या, तेच वाईट. "तुझा अर्क झोप आणत नाही, उलट उडवतो, असा याचा अर्थ होतो. नाहीतर गटांची अदलाबदल झाली असेल. तू खुणा नीट बघितल्या होत्यास ना? उद्या मला विचार करून सांग. विषय सोडायचा असेल तर आत्ताच सोडलेला बरा."

आता खरं म्हणजे मी तिथल्या तिथे तोंड उघडायला हवं होतं. पण मला अजून पत्ताच लागलेला नव्हता! माझ्या मनात चाललं होतं की मॅडमनीच कुठेतरी डबे बदलले असणार. घावन आणि झोप यांचा काही संबंध असेल, हे दर दुपारी जेवून आडव्या होणाऱ्या या बाईच्या डोक्यात आलं नाही.

पोरगी शब्दाची पक्की. डोळे पुसले आणि मला रिक्षात घालून सवला घेऊन गेली. आम्ही दोघी गरम पाण्यात पाय सोडून बसलो. वाफ येत होती, माझे गुडघे सुखावत होते.

"खुणा मीच केल्या होत्या शेपटीवर," ती म्हणाली. "मी तीनदा बघितल्या. चुकणार कशी? तुझं झाडच खोटं निघालं, आजी."

"झाड खोटं नाय. तू आदी खा बघू काहीतरी. सकाळपासून उपाशी हायस."

तिनं पिशवीतून डबा काढला, झाकण उघडलं आणि आत बघत राहिली. "एवढीच? तू तर फोनवर म्हणालीस डबा भरून केलीत."

"केली होती."

"मग? गाडीत खाल्लीस?"

"मी कशाला खातेय? त्यांना दिली."

"कुणाला?"

"ते… पंगतीला बसलेल्यांना."

तिनं डबा खाली ठेवला. माझ्याकडे असं बघितलं की मला माझी सासू आठवली. "आजी. उंदरांना घावन घातलंस?"

"थोडं थोडं. पाणीवाल्यांना जरा सढळ हातानं. त्यांना औषध नव्हतं ना गो."

मला वाटलं आता ही रडणार, नाहीतर मला त्या कढत पाण्यात ढकलणार. तिनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि खांदे गदागदा हलायला लागले. रडतेय की हसतेय, मला कळेना. शेजारी पाय बुडवून बसलेली एक बाई म्हणाली, "काय झालं ओ पोरीला?" मी म्हटलं, "भूक लागलीय तिला."

"चल," नात उठली. "ऊठ, आजी. मॅडम गेल्या नसतील अजून."

"अगो, गुडघे तरी शेकूदेत!"

"गुडघे उद्या."

ओल्या पायांनी, चपलांचा चपक-चपक आवाज करत मी कॉलेजात पोचले. आयुष्यात पहिल्यांदा मास्तरांपुढे उभी राहून चूक कबूल करत होते. चौथीत असताना सुटले होते, ते पासष्टीत सापडले. मॅडम पुण्याकडच्या, बोलणं स्वच्छ, धुतलेल्या कपड्यासारखं. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"काय घातलंत म्हणालात?"

"घावन. तांदळाचं."

"आणि?"

"गूळ-खोबरं. पन ते सगळ्यांना नाय. फक्त पाणीवाल्यांना."

"का?"

"त्यांच्यावर अन्याय होत होता, मॅडम."

मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. डोळे चोळले. मग एकदम विचारलं, "आजी, तुम्ही म्हशीवर प्रयोग केला होता ना? ही नेहमी सांगते. लाजाळू कशातून दिली होती तुम्ही म्हशीला?"

"आंबोणातून."

"म्हणजे पेज, पेंड?"

"गूळसुद्धा," मी मोठ्या तोऱ्यात म्हणाले, आणि बोलताबोलताच जीभ चावली. घमेलंभर पेज, कोंडा, पेंड, गूळ. पोट भरलेली म्हैस रवंथ करत उभी राहणार नाही तर काय करेल? ती रिकाम्या पोटी लाथा मारत होती. एवढी वर्षं मी मिरवत होते ती गुंगी लाजाळूची होती की पेजेची, देव जाणे. माझ्या तोंडाकडे बघून नातीला ते कळलं आणि तिचं तोंड उतरलं. तिचं वर्ष ज्या म्हशीवर उभं होतं, ती म्हैसच बसली होती.

"मग आता?" तिनं अगदी बारीक आवाजात विचारलं.

"आता काही नाही," मॅडम म्हणाल्या. "आजचे आकडे बाद. पण अहवालात लिहायचं, लपवायचं नाही. उंदरांना पुरती विश्रांती देऊ आणि मग पुन्हा एकदाच करू. आलं तर आलं. आणि आजी…"

"मी वाडीवरच थांबते," मी म्हटलं.

दुसऱ्या प्रयोगाच्या दिवशी मी सकाळपासून चहासुद्धा घेतला नाही. उंदरांचा उपास, तर माझाही उपास. शेजारीण म्हणाली, "आज कसला उपास गो तुझा?" आता हिला काय सांगणार? म्हटलं, "गणपतीच्या वाहनाचा." दिवसभर अंगणात येरझाऱ्या. त्या पेटीत मला घातलं असतं तर आकडे दाखवायचं यंत्रच मोडलं असतं. आमच्याकडे मोबाइलला रेंज फक्त वरच्या बांधावर येते, म्हणून फोन घेऊन तिथे जाऊन बसले. भोवती सगळी लाजाळूच. तिला म्हटलं, "बाय, माझं जाऊदे, पन पोरीसाठी तरी थोडी गुंगी आण."

ऊन उतरता उतरता फोन आला.

"आजी, जेवले ते. तूही जेव आता."

"तुला कुणी सांगितलं मी जेवले नाय?"

"मला ठाऊक नाही होय तू! ऐक. पाणीवाले पेटीभर धावले. जास्त अर्कवाले कमी फिरले. स्पष्ट दिसतंय, मॅडमनीही बघितलं."

"झोपले?"

"झोपले नाहीत. मंदावले जरा."

"जराच?"

"जराच, आजी. पण खरं जरा."

मी बांधावरच बसून राहिले. लाजाळूला बोट लावलं, ती मिटली. खरं जरा! मी आयुष्यभर घमेलंभर सांगत आले आणि पोरीनं त्यातलं एवढुसं खरं काढलं, त्या काळ्या गोळ्यासारखं. मनात थोडं खट्टू झाले, नाही असं नाही. पण तिचं वर्ष वाचलं होतं. घरी जाऊन इतकं जेवले की लाजाळूशिवाय झोप लागली.

शेवटी तोंडी परीक्षा होती. बाहेरून एक परीक्षक यायचे होते, रत्नागिरीकडून. मला नातीनं सक्त मनाई केली होती, म्हणून मी गेले. कशेडी घाटात ट्रक आडवा झाला होता आणि परीक्षकांची गाडी रांगेत अडकली होती. सगळं कॉलेज ताटकळत बसलेलं. ते आले ते तसेच घामाघूम परीक्षा घ्यायला बसले, त्यामुळे कुणाच्या जेवणाचं नाव नाही. मी व्हरांड्यात खिडकीखाली उभी होते. चोरून ऐकत नव्हते, ऐकू येत होतं.

"हा पहिला प्रयोग बाद का केलाय?" परीक्षकांनी विचारलं. "इथे लिहिलंय, उंदरांना अनपेक्षित आहार मिळाला. कुठला आहार?"

मग नातीचा आवाज. "घावन, सर."

"कुणी दिलं?"

"माझ्या आजीनं. तिला वाटलं, पाणी मिळणाऱ्या गटावर अन्याय होतोय."

आत काय झालं ते दिसलं नाही, पण खुर्ची मागे सरकल्याचा आवाज आला आणि एक दांडगा पुरुषी हसण्याचा. मॅडमही हसत होत्या. मग परीक्षक म्हणाले, "चूक लिहिलीस ते बरं केलंस. बस, आता दुसऱ्या प्रयोगाचं सांग." आणि पोरगी जी बोलायला लागली ती थांबेचना. मला त्यातलं फारसं कळलं नाही. पण तिनं कुठेही झोप म्हटलं नाही, प्रत्येक वेळी 'सौम्य गुंगी'च म्हणाली, एवढं माझ्या लक्षात आलं. पास झाली. चांगली पास झाली.

तिला मैत्रिणींनी घेरलं, तशी मी हळूच मागच्या अंगाला गेले. मामांची माफी मागायची राहिली होती. माझ्यामुळे त्यांनीही बोलणी खाल्ली होती. ते दारातच उभे होते, निळा कोट, कपाळाला आठी. आत कुणा दुसऱ्या मुलीच्या प्रयोगाचे डबे मांडलेले, जाळीवर दाणा नाही. मी बाहेरच थबकले. हातात पिशवी होती, पिशवीत डबा, आणि या वेळचा डबा मोठा होता.

मामांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग पिशवीकडे. वास गेलाच असणार नाकात. मान वळवून त्यांनी आतल्या डब्यांकडे एक नजर टाकली, खोलीचं दार ओढून घेतलं, कडी घातली आणि माझ्यापुढे हात केला.

"या आजी, बसा. पन आदी ती पिशवी इकडं द्या. उपास उंदरांचा हाय, आमचा नाय."